किल्ली कोणाच्या कमरेला?

घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे पाहून त्या घरात सत्ता कोणाची चालते हे ओळखावे, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. हीच कसोटी आमच्या मराठवाड्यातील महाविद्यालयांस, सहकारी बँकांस, रुग्णालयांस आणि सरकारी कचेऱ्यांस लावून पाहिली असता जो निकाल हाती येतो तो मोठा चमत्कारिक आहे. कचेरीतील लोखंडी कपाटास कुलूप असते. त्याची किल्ली हेडक्लार्कच्या खणात असते आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात असते. आलेले पत्र आवक वहीत चढते, गेलेले जावक वहीत चढते, आणि एखादा कागद गहाळ झालाच तर चार जणांचे जबाब घेतले जातात. परंतु ज्या कागदांसाठी इतकी दक्षता, त्यांत आता मुद्द्याचे असे फारसे उरलेले नाही. मुद्द्याचे जे असते ते मोबाइलवरील ग्रुपात बोलले जाते आणि व्हिडिओ बैठकीत ठरविले जाते. या संभाषणास कुलूप कोणाचे, त्याची किल्ली कोणापाशी आणि त्याची नोंद कोणत्या वहीत, असे तीन प्रश्न विचारले, तर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कोणासही धड उत्तर देता येत नाही. कपाट कुलूपबंद आणि घर सताड उघडे, अशी ही स्थिती आहे. आणि ती आमच्या सुशिक्षित वर्गास मुळीच खटकत नाही, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

दूर बसून काम करण्याचा प्रसंग आमच्या भागावर काही हौसेने आलेला नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली अशा चार जिल्ह्यांवर त्याचा कारभार पसरलेला आहे. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे आणि किनवटच्या आदिवासी मुलखात संशोधन केंद्र आहे. निलंग्याच्या प्राध्यापकाने दोन तासांच्या बैठकीसाठी नांदेडला यावयाचे म्हणजे अख्खा दिवस एस. टी. च्या बाकावर घालवावयाचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि वर्ग, मुलाखती, अभ्यास मंडळे, संचालकांच्या सभा, सारे काही मोबाइलच्या वीतभर काचेवर आले. टाळेबंदी उठली, सोय मात्र राहिली. आणि राहिली हे चांगलेच झाले. प्रवासाचा शीण वाचला, भत्त्याची बिले कमी झाली, आणि लहान मूल घरी असलेल्या अध्यापिकेस बैठकीत बोलता येऊ लागले. आमचा आक्षेप या सोयीस नाही. आग लागली असता पळताना जे पांघरूण हाती लागले, तेच आग विझल्यावर दरबारी पोशाख म्हणून मिरविले जात आहे, यास आमचा आक्षेप आहे.

हा पोशाख कसा आहे तो पाहा. कोणा एका उत्साही लिपिकाने आपल्या स्वतःच्या मोबाइलवर कचेरीचा ग्रुप उघडलेला असतो. तोच त्याचा ॲडमिन. त्याची बदली झाली तरी ग्रुप त्याच्याच नावावर राहतो. सभासदांत सेवानिवृत्त झालेले पर्यवेक्षक असतात, ज्याचे कंत्राट केव्हाच संपले असा संगणकचालक असतो, आणि ‘हा क्रमांक कोणाचा?’ असे पुसल्यास कोणीच ओळख देत नाही असे एक-दोघे असतात. पहाटे तेथे गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात होते. दहा वाजता त्याच फुलांच्या खाली कर्मचाऱ्यांचे वेतनपत्रक बँकेच्या खातेक्रमांकांसह येऊन पडते. अकरा वाजता कोणाच्या तरी आजारपणाच्या रजेचा डॉक्टरी दाखला येतो. बारा वाजता एका विद्यार्थ्याचे जातप्रमाणपत्र. आणि दुपारी कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे निमंत्रण. जो उठतो तो हे सर्व आपल्या मोबाइलात साठवितो. तोच मोबाइल घरी मुलगा खेळावयास घेतो, आणि जुना झाला म्हणजे बाजारात विकला जातो. कचेरीचे दप्तर भंगारात घालणाऱ्या कारकुनास आपण निलंबित करू. परंतु हेच दप्तर मोबाइलसह विकणाऱ्यास आपण नव्या मोबाइलबद्दल पेढे मागतो!

या व्यवस्थेत एक दुहेरी अनर्थ आहे. विद्यार्थ्याचे गुण, रुग्णाचा आजार, कर्मचाऱ्याचे कर्ज, तक्रारदार स्त्रीचे नाव या गोष्टी गुप्त राहावयाच्या असतात. त्या चव्हाट्यावर येतात. उलट नेमणूक का झाली, खरेदी कोणाच्या सांगण्यावरून मंजूर झाली, बदलीचा आदेश कोणी फिरविला या गोष्टी नोंदीवर असावयाच्या असतात; त्या कोणाच्या तरी खासगी मोबाइलात गडप होतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री स्पष्टपणे घातलेली आहे. परंतु जी सामग्री संस्थेच्या ताब्यातच नाही ती संस्था देणार कोठून? अर्ज आला की ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर जाते, आणि ते बहुधा खरेही असते. झाकावयाचे ते उघडे आणि उघडे असावयाचे ते झाकलेले, असा हा उलटा संसार आहे. सुरक्षित संभाषणाची मागणी म्हणजे लपवाछपवीची मागणी, असे जे समजतात त्यांनी हा भाग पुन्हा एकवार वाचावा.

आता कुलूप म्हणजे काय, याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण ‘आमचे ॲप सुरक्षित आहे’ हे वाक्य आजकाल मंत्रासारखे म्हटले जाते आणि मंत्राप्रमाणेच त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. सुदैवाने ही कल्पना आमच्या मुलखास अगदी परकी नाही. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभाव पंथाचे मोठे श्रद्धास्थान. या पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. पोथी कोणाच्याही हाती पडो, ज्यास लिपीची खूण ठाऊक त्यासच ती वाचता येई. इतरांच्या लेखी ती निरर्थक अक्षरांची रास. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मराठी वाङ्मयाचे एक मोठे भांडार अभ्यासकांस खुले झाले. वाङ्मयाच्या दृष्टीने हा महोत्सवच होता. परंतु कुलपाच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील उणीवही दिसते. एका पोथीची खूण कळली की त्या लिपीतील यच्चयावत् पोथ्या उघडल्या. कारण तेथे लिपी हीच किल्ली होती.

या उणिवेवरचा उपाय ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या विद्वानाने १८८३ मध्ये सूत्ररूपाने सांगितला. कुलपाची रचना शत्रूस पूर्ण ठाऊक असली तरी चालेल, गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, असे त्याचे म्हणणे. आजचे सारे गुप्तलेखनशास्त्र या पायावर उभे आहे. म्हणूनच ज्या साधनाची रचना जगातील कोणाही जाणत्यास तपासून पाहता येते ते अधिक भरवशाचे, आणि ‘आमची रचना गुप्त आहे, तुम्ही फक्त विश्वास ठेवा’ असे जो सांगतो तो अजून सकळ लिपीच्या काळात वावरतो, असे समजण्यास हरकत नाही.

कुलूप कोठे आहे हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. टपालाची थैली रस्त्यात मोहोरबंद, परंतु मधल्या प्रत्येक ठाण्यात उघडून पुन्हा बांधली जाणारी, हा एक प्रकार. पाठविणाऱ्याने बंद केलेली पेटी घेणाऱ्यानेच उघडावी, मधल्या कोणापाशी किल्लीच नाही, हा दुसरा प्रकार. यास टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप म्हणतात. दोहोंची जाहिरात मात्र एकाच शब्दांत केली जाते. झूम या सुप्रसिद्ध अमेरिकन कंपनीची गोष्ट येथे बोधप्रद आहे. आपल्या बैठकांस दुसऱ्या प्रकारचे कुलूप असल्याचे ती सांगत असे. प्रत्यक्षात किल्ल्या कंपनीपाशीच होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२० च्या नोव्हेंबरात हा आरोप तिच्यावर ठेवला आणि सुरक्षिततेची व्यवस्था सुधारण्याचे बंधन तडजोडीने तिच्यावर घातले. त्यापूर्वीच, २०२० च्या एप्रिलमध्ये, आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाने सरकारी अधिकाऱ्यांनी कचेरीच्या कामासाठी हे साधन वापरू नये, असे कळविले होते. आणि खासगी व्यक्तींनी वापरलेच तर प्रत्येक बैठकीस नवा क्रमांक व पासवर्ड ठेवावा, येणाऱ्यास आधी प्रतीक्षाकक्षात थांबवावे, सर्व जमल्यावर दार लावून घ्यावे, अशी सूचना केली होती. कंपनीने पुढे खरे कुलूपही उपलब्ध केले. परंतु त्या सूचना वाचून आपल्या बैठकीचे दार लावून घेणाऱ्या किती संस्था आमच्या दोन जिल्ह्यांत निघतील, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावा.

व्हॉट्सॲपविषयी बोलताना न्यायाने बोलले पाहिजे. त्याने २०१६ च्या एप्रिलपासून सर्व संदेशांस टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप घातले, आणि ते कुलूप उत्तम प्रतीचे आहे. नवरा-बायकोने, भावाबहिणीने, मित्रामित्रांनी त्यावर खुशाल बोलावे. परंतु संस्था म्हणजे कुटुंब नव्हे. तेथे किल्ली व्यक्तीच्या मोबाइलात राहते, संस्थेच्या हाती काहीच राहत नाही. संदेशांची जी प्रत मोबाइलधारक इंटरनेटवर राखून ठेवतो, तिला तसेच कुलूप घालण्याची सोय २०२१ च्या ऑक्टोबरात आली, आणि ती ज्याची त्याने चालू करावयाची असते. शिवाय पाकिटाच्या आतले जरी वाचता आले नाही, तरी पाकिटावरचे, म्हणजे कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो हे, कंपनीस दिसू शकते. तिने २०२१ मध्ये आपले माहितीविषयक धोरण ग्राहकांवर ज्या रीतीने लादले, त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिच्या मालक कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. ज्या घराचा मालक अशा रीतीने अटी बदलू शकतो, त्या घरात भाड्याने राहावे. तेथे आपले दप्तरखाने उभारू नयेत.

आमच्या भागातील लोकांस तरी ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. निजामाच्या राज्यात टपाल निजामाचे होते. त्याची स्वतंत्र तिकिटे १८६९ पासून निघत, आणि भारतीय टपालात ते खाते १९५० मध्ये विलीन झाले. ज्यांस १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस पाहावयाचा होता, त्यांनी आपली गुपिते त्या टपालपेटीत टाकली नाहीत. विश्वासू माणसाच्या हाती आणि मुखी दिली. त्यांपैकी बहुतेक यंत्रशास्त्र शिकलेले नव्हते. परंतु ज्याचा मार्ग त्याची नजर, एवढे व्यवहारज्ञान त्यांस होते. त्यांच्या अग्रणीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरातील आम्ही पदवीधरांनी तेवढेही ज्ञान गमवावे, ही खेदाची गोष्ट होय.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: ‘आमच्यापाशी लपविण्यासारखे आहे काय?’ हा प्रश्न विचारणारा गृहस्थ स्वतःपुरते बोलत असतो, पण गुपिते दुसऱ्याची उधळीत असतो. संस्थेपाशी जे आहे ते तिचे नसून लोकांनी विश्वासाने ठेवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे सोळावे कलम तक्रारदार स्त्रीची ओळख उघड करण्यास मनाई करते. अशा तक्रारीची चौकशी व्हिडिओ बैठकीत चालावयाची, त्या बैठकीची लिंक सामान्य ग्रुपात टाकावयाची, आणि कोण आत आले, कोणी चित्रण करून ठेवले याचा कोणास पत्ता नसावा, असे झाले तर त्या स्त्रीच्या अब्रूची भरपाई कोणत्या शीर्षाखाली करणार? लातूरच्या किंवा नांदेडच्या आकाराच्या गावात नाव फुटण्यास एक संध्याकाळ पुरते, आणि ते विसरले जाण्यास एक पिढी पुरत नाही.

दुसरा आक्षेप: ‘सरकार स्वतःच हे वापरते.’ हे खरे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या जुलैत कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी परिपत्रक काढले. त्यात गोपनीय कागदपत्रे प्रसृत करण्यास मनाई आहे, आणि कचेरीअंतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम इत्यादी वापरण्यास मुभाही आहे. म्हणजे वेस उघडी ठेवावयाची आणि चोराने येऊ नये अशी दवंडी पिटावयाची! समन्वय कोठे संपतो आणि गोपनीय कोठे सुरू होते, हे दुपारच्या घाईत तालुक्याच्या कारकुनाने ठरवावे, अशी यात अपेक्षा आहे. तो ते ठरवू शकत नाही. त्याचा दोषही नाही. फ्रान्सच्या सरकारने २०१९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी ‘त्शाप’ नावाचे स्वतःचे संदेशसाधन उभे केले, तेही सर्वांस खुल्या असलेल्या ‘मॅट्रिक्स’ पद्धतीवर. आपल्याही राष्ट्रीय सूचना केंद्राने सरकारी कामासाठी ‘संदेस’ तयार केले आहे. साधन घरात असता शेजाऱ्याच्या ओट्यावर खलबते करण्यास काय म्हणावे?

तिसरा आक्षेप मोठ्या आवेशाने येतो: ‘परदेशी सोडा, स्वदेशी ॲप घ्या, म्हणजे झाले.’ स्वदेशीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु स्वदेशी हे कापडाचे गुणवर्णन असेल, कुलपाचे नव्हे. चेन्नईच्या झोहो कंपनीचे ‘अरट्टई’ हे साधन २०२५ च्या शरदात एकाएकी लोकप्रिय झाले. त्या वेळी त्यातील लेखी संदेशांस टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नव्हते, आणि हे कोणी दाखविले की त्यास देशद्रोही ठरविण्याची घाई झाली. आम्ही म्हणतो, कंपनी आपल्या देशातील असो वा परदेशातील, प्रश्न तोच विचारावा: किल्ली कोणाच्या कमरेला? उत्तर समाधानकारक असेल तर स्वदेशी साधन आधी घ्यावे. नसेल तर केवळ जन्मस्थान पाहून किल्ली देऊ नये.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘अशी कुलपे गुन्हेगारांच्या उपयोगी पडतात’ असे म्हणणाऱ्यांपाशी आमच्याच गावचे उदाहरण आहे. २०२४ च्या जूनमध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात कारवाई केली. शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला, आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. आम्हांस लक्ष वेधावयाचे ते एवढ्याकडेच की, प्रवेशपत्रे आणि संभाषणे मोबाइलांतच सापडल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. वाटेतील कुलूप तपासाच्या आड आले नाही. कारण शेवटच्या टोकाशी माणूस असतो आणि त्याच्या हाती उघडे पत्र असते. म्हणून गुन्हेगार पकडावयाचा तर टोकाशी पकडता येतो. त्यासाठी गावातील प्रत्येक घराचे कुलूप तोडून ठेवण्याची जरूर नाही. ज्या लातूरने शिकवणीच्या जोरावर देशभर नाव मिळविले, त्या लातूरला परीक्षेच्या गुप्ततेची किंमत इतरांहून अधिक कळावयास पाहिजे.

याच न्यायाने कुलपाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही मंत्र म्हणणाऱ्यांतच जमा होऊ. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अत्युच्च अधिकाऱ्यांनी ‘सिग्नल’वर युद्धाच्या हालचालींची चर्चा केली. सिग्नलचे कुलूप जगात नावाजलेले. परंतु एका मासिकाचा संपादक चुकून त्या ग्रुपात घेतला गेला होता, आणि तो शांतपणे सारे वाचीत बसला! तेव्हा कुलूप विकत आणणे हे निम्मे काम. दारात कोणास घ्यावयाचे, गेलेल्याचे नाव केव्हा कमी करावयाचे, हे पाहणारा जबाबदार मनुष्य नेमणे हे उरलेले निम्मे. आमच्या संस्था पहिले निम्मे पैशाच्या नावाने टाळतात आणि दुसरे निम्मे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

पैशाचे कारण तर टिकतच नाही. ‘जित्सी’ हे व्हिडिओ बैठकीचे साधन फ्रान्समधील स्ट्रासबर्ग विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या २००३ च्या प्रकल्पातून वाढले. वर्ग घेण्यासाठी वापरले जाणारे ‘बिगब्लूबटन’ कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झाले. दोन्हींची रचना सर्वांस खुली आहे; कोणाही संस्थेने आपल्या सर्व्हरवर ती विनामूल्य बसवावी. अशा सर्व्हरवर चाललेल्या बैठकीची किल्ली सर्व्हरपाशी राहिली, तरी सर्व्हर आपला असल्यामुळे ती आपल्याच घरात राहते. मॅट्रिक्स पद्धतीत मोबाइल क्रमांकाची जरूरच नाही. संस्था नाव देते, आणि नोकरी सुटली की ते नाव बंद करते. जित्सी आणि बिगब्लूबटन ही साधने विद्यापीठांत जन्मली, ही गोष्ट आम्हां प्राध्यापकवर्गाने विशेष मनावर घ्यावी. नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, विद्यापीठात संगणकशास्त्राचे संकुल आहे. तेथील विद्यार्थी पुण्या-बंगळुरूस जाऊन परक्या कंपन्यांचे सर्व्हर चालवितात, आणि त्यांच्या स्वतःच्या विद्येच्या माहेरी बैठकीची लिंक फुकटच्या खात्यावरून येते, चाळीस मिनिटे झाली की तुटते!

खर्च यंत्राचा नाही, निगराणीचा आहे, हे आम्ही जाणतो. बसवून विसरलेला सर्व्हर हा मोडक्या दाराहून वाईट; त्यास वेळच्या वेळी दुरुस्त करणारा आणि त्याची प्रत अन्यत्र राखणारा मनुष्य हवा. किनवटच्या एकट्या लहान महाविद्यालयास ते झेपणार नाही हेही खरे. परंतु ज्या मुलखाने सहकारी तत्त्वावर साखर कारखाने उभारले आणि बँका चालविल्या, त्यास दहा महाविद्यालयांनी मिळून एक सर्व्हर आणि दोन जाणती माणसे ठेवणे अशक्य आहे काय? मॅट्रिक्सची रचनाच अशी आहे की, प्रत्येकाचे टपाल घर स्वतंत्र असून पत्रे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कायदाही आता थांबणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने दीड वर्षाच्या मुदतीने लागू व्हावयाची ठरली. माहितीच्या रक्षणात वाजवी काळजी न घेणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ज्यांस नीती पटत नाही त्यांस निदान हा आकडा तरी पटावा.

तथापि किल्ली संस्थेच्या हाती द्यावयाची म्हणजे कर्मचाऱ्याची मानही तिच्या हाती द्यावयाची, असा अर्थ कोणी करील तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. घरून काम करणाऱ्याचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवावयास लावणारे, त्याची बोटे किती वेळा हलली हे मोजणारे अधिकारी आजकाल निपजू लागले आहेत. आमच्या गावांतील घरे दोन-तीन खोल्यांची असतात. कॅमेरा उघडला की मागे आजारी सासू, अभ्यास करणारे मूल आणि दोरीवरचे कपडे सर्व सभेस हजर होतात. कचेरीस कर्मचाऱ्याच्या कामावर हक्क आहे, त्याच्या माजघरावर नाही. मोबाइलच्या ग्रुपात घातलेल्या स्त्रीचा खासगी क्रमांक शंभर अनोळखी लोकांपुढे जातो आणि रात्री अकरास त्यावर ‘मॅडम, जागे आहात का?’ असे संदेश येतात, हे कितीतरी घरांत ठाऊक आहे. फक्त बोलले जात नाही. सुरक्षित व्यवस्थेचा पहिला लाभ अशा स्त्रीस मिळाला पाहिजे, आणि पहिला लगाम तिच्यावर पाळत ठेवू इच्छिणाऱ्यास बसला पाहिजे.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी आहे. प्रत्येक संस्थेने कामाच्या संभाषणासाठी आपल्या ताब्यातील एक साधन ठरवावे आणि कचेरीचे ग्रुप खासगी मोबाइलांवरून काढून टाकावे. सभासदांची यादी एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याने दरमहा तपासावी. बदली, निवृत्ती वा राजीनामा यांच्या आदेशाबरोबरच नाव कमी व्हावे. प्रत्येक बैठकीस निराळी लिंक, दारात ओळख आणि चित्रण करावयाचे तर सर्वांची आधी संमती असावी. निर्णय कोठेही झाला तरी त्याची नोंद इतिवृत्तात त्याच दिवशी चढावी, म्हणजे माहिती मागणारा नागरिक रिकाम्या हाताने परतणार नाही. नेटवर्क दुबळे असेल तेथे चित्राचा हट्ट न धरता आवाजावर काम चालवावे. आणि कामाची वेळ संपल्यावर या साधनाने मुके राहावे.

यांत अवघड असे काय आहे? एकही गोष्ट अशी नाही की जी जुन्या काळच्या एखाद्या कर्तव्यदक्ष हेडक्लार्कने आपल्या कागदी दप्तरासाठी केली नसती. त्याने दप्तर घरी नेले नसते, किल्ली वाटेल त्याच्या हाती दिली नसती, निवृत्त झालेल्यास कपाटाशी बसू दिले नसते, आणि ठरावाची नोंद उद्यावर टाकली नसती. त्याच्यापाशी संगणक नव्हता. परंतु दप्तर हे आपले नसून लोकांचे आहे, ही जाणीव त्यास होती. आमच्यापाशी संगणक आहेत, अभियंते आहेत, कायदा आहे आणि खुली साधनेही आहेत. पुढील व्यवस्थापन परिषदेत, पुढील संचालक मंडळात, पुढील पालकसभेत कोणी तरी उठून ‘आपल्या संभाषणाची किल्ली कोणापाशी आहे?’ एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.